हातावर चालणारं घड्याळ

पांढुर्णा
रविवार, ९ मार्च १९८६

प्रिय रजनी,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी नळ उशिरा आला. पाणी भरलं. बागेतला गडी संत्र्यांची टोपली ठेवून गेला. दुपारी शाळेतल्या कमलबाई येऊन बसल्या, चहा घेऊन गेल्या. संध्याकाळी भात लावला. एवढाच दिवस.

एका कामासाठी लिहिते आहे. तुझ्या दादांनी कुवेतहून आणलेलं घड्याळ तुला माहीतच आहे. त्याला किल्ली द्यावी लागत नाही आणि सेलही लागत नाही. आत एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि त्यावर घड्याळ चालतं. हात मिळाला नाही तर दीड-दोन दिवसांत बंद पडतं. हे होते तोवर ते बंद पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जानेवारीत हे गेले, तेव्हापासून ते सारखं बंद पडतं. मी हलवते, चालू होतं, पुन्हा थांबतं. ते थांबलेलं मला बघवत नाही.

रवींद्रचं भोपाळचं इंजिनिअरिंग संपलं की घड्याळ त्याला द्यायचं आहे. तोवर ते चालतं राहायला हवं. बाजारातले घड्याळवाले गुलाबराव म्हणतात, फार दिवस बंद राहिलं तर आतलं तेल सुकतं. घड्याळासोबत आलेल्या पुस्तिकेत एका पेटीचं चित्र आहे. पेटीत घड्याळ ठेवलं की पेटी ते आपोआप फिरवत राहते. असं यंत्र आपल्याकडे मिळतं का, किंवा करता येतं का, हे शालिकरावांना विचारशील? पंखे आणि रेडिओ दुरुस्त करतात, म्हणजे त्यांना मोटारीतलं कळतं. घाई नाही.

तुझ्या सासूबाई वत्सलाबाईंना नमस्कार.

तुझी
प्रतिभावहिनी


सौंसर
१५ मार्च १९८६

ती. वहिनींना
सा. नमस्कार.

वहिनी, तुम्ही "घाई नाही" लिहिलं खरं, पण माझ्या नवऱ्याला ते शब्द दिसलेच नाहीत. पत्र आलं तेव्हा हे दुकानात एका मिक्सरचं पोट उघडून बसले होते. मी पत्र वाचून दाखवलं. मिक्सर तसाच राहिला. म्हणे, "रजनी, आजवर सौंसरात मले कोणी ढंगाचं काम देलं नाही. हे काम आहे!" मिक्सरवाली बाई रोज येऊन राहिली आणि हे रोज तिला घडी कशी चालते ते समजावून राहिले. काल तर ती जाताना म्हणाली, "भाऊ, मिक्सर राहू द्या, मले घडीच द्या."

आता कामाचं सांगते. नागपूरला सामान आणायला गेले तेव्हा यांनी सीताबर्डीवर चौकशी केली. एका मोठ्या दुकानाच्या मालकानं स्वतःच्या घड्यांसाठी जर्मनीहून तसं यंत्र आणलं आहे, तो ते विकायला तयार आहे. आत मखमल, वर काच, आवाज बिलकूल नाही. किंमत ऐकून हे म्हणाले, "इतक्यात तं घडी हलवाले माणूस ठेवता येते." मग मालकानं विचारलं, तुमची घडी कोणत्या बाजूनं फिरवली की भरते, उजव्या की डाव्या? काही घड्या म्हणे एकाच बाजूनं भरतात. यांना माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणणं यांच्या खानदानात नाही, म्हणून "दोन्ही" सांगून आले.

दुसरा उपाय यांचा स्वतःचा. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार आहे, ती लावून इथंच यंत्र करायचं. तिसरा सासूबाईंचा. त्या म्हणतात, "इतकं कायले करता? बंगईच्या कडीले बांधून देजा घडी. बंगई झुलते, घडी चालते." घरातला झोपाळा सगळ्या दुखण्यांवर चालतो असं त्यांचं मत आहे.

आणि चौथा माझा. वहिनी, तुम्हीच घाला की हातात. यंत्र कायले पाहिजे? नागपुरात आजकाल कॉलेजच्या पोरी वडलांच्या घड्या घालून फिरतात. तुम्ही तर शाळेतल्या बाई. तुमच्या हाताला दादाची घडी शोभेल.

काय ते लवकर कळवा. नाही तर सौंसरातले सगळे मिक्सर उघडेच राहतील.

तुमची
रजनी


पांढुर्णा
२३ मार्च १९८६

प्रिय रजनी,

पत्र मिळालं. शालिकरावांना त्रास दिला असं वाटलं.

माझं मनगट बारीक आहे. घड्याळ ढिलं होतं. तेव्हा यंत्रच बरं.

नागपूरचं महाग असलं तरी हरकत नाही, पण न पाहता घ्यावंसं वाटत नाही. शालिकरावांना करायचंच असेल तर करून पाहू दे. दोन गोष्टी पाहिजेत. आवाज फार नको आणि घड्याळाला ओरखडा नको. बंगई नको. तुमच्याकडची बंगई भिंतीला लागते, मला आठवतं.

कमलबाई सौंसरजवळ मोहगावला सासरी चालल्या आहेत. त्यांच्याबरोबर घड्याळ पाठवते. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात बांधलं आहे. कोणत्या बाजूनं भरतं ते मला माहीत नाही. ह्यांच्या हातावर ते कसंही भरायचं. हे बोलताना हात किती हलवायचे ते तुला माहीत आहे.

शाळेची रजा एप्रिलअखेर वाढवून घेतली आहे. मग सुटीच आहे. घराबाहेर जाणं अजून झालेलं नाही.

तुझी
प्रतिभावहिनी


सौंसर
६ एप्रिल १९८६

ती. वहिनी,
सा. नमस्कार.

आधी हे वाचा: घडी सुखरूप आहे. आता बाकीचं.

यांनी यंत्र बनवलं. मोटार टेपरेकॉर्डरची, चाक माझ्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचं (मला न विचारता), पट्टा रबराचा आणि घडीखाली माझ्या जुन्या ब्लाउजचा तुकडा. चालू केलं तर सरकी काढायच्या जिनिंगसारखा आवाज. शेजारच्या पुष्पाताईंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, "शालिकभाऊ, कपाशीचा सीझन संपला नं?" तेल घातलं, आवाज कमी झाला. मग यंत्र सुरू ठेवून झोपलो. सकाळी उठून पाहतो तर घडी बंद! यंत्र फिरून राहिलं आणि घडी ठार थांबलेली.

वहिनी, तुम्हाला यांचा चेहरा पाहायला पाहिजे होता. न जेवता घडी हातात घेऊन बसले, कानाला लावली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. मग ओरडले, "उलटी फिरून राहिली वो!" तुमची घडी एकाच बाजूनं भरते. यंत्र रात्रभर तिला दुसऱ्याच बाजूनं फिरवत होतं. पट्ट्याला एक पीळ देऊन चाक उलटं फिरवलं, आणि लागली चालायला. हे गल्लीभर पेढे वाटणार होते. तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. आली, गेली, आली, गेली. दोन दिवसांनी घडी पुन्हा बंद.

मग सासूबाई उठल्या. घडी उचलली आणि बंगईवर जाऊन बसल्या. कडीला बांधायला दोरी सापडेना, म्हणून तात्पुरती हातातच घातली. वहिनी, तेव्हापासून घडी एकदाही थांबली नाही! बंगईचा काही संबंध नाही. सासूबाईंच्या हाताला आराम नाही. भाजीवाल्याशी बोलतील तर हात, कुत्रं हाकलतील तर हात, देवापुढं आरती तर हात. मला रागावतात त्यात तर घडी आठवड्याची भरत असेल. आता बाहेर निघताना पदर मागं सारून घडी दिसेल अशी ठेवतात. कोणी विचारलं नाही तरी टाइम सांगतात. काल चिंधू दूधवाल्याला म्हणाल्या, "पाह्य, कुवेतची घडी सांगून राहिली, तू उशिरा आला." तो म्हणाला, "आजी, दूध सौंसरचं आहे, घडी बी सौंसरची पाहा."

तर असं. हे म्हणतात, यंत्राला मागून टॉर्चचे सेल लावतो, मग लाईटची गरज नाही. नागपूरवाल्यालाही सांगून ठेवलं आहे की यंत्र दुसऱ्या कोणाला देऊ नका.

वहिनी, एक बोलू? रागावू नका. मनगट बारीक आहे हे मला पटलं नाही. पट्ट्याला एक भोक पाडलं की झालं. तुम्ही लोक काय म्हणतील म्हणून घालत नाही, हे मला समजतं. नवऱ्याची घडी घालून मिरवते, असं कोणी म्हणेल म्हणून. कोण म्हणते ते मला सांगा. तिला मी पाहून घेते, सासूबाईंना घेऊन येते.

तुमची
रजनी


पांढुर्णा
१४ एप्रिल १९८६

प्रिय रजनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चिंधूचं वाचून हसू आलं.

लोकांना मी भीत नाही. तू तसं समजू नयेस म्हणून लिहिते.

मी घड्याळ घातलं होतं. तेरवी झाली त्याच संध्याकाळी घातलं. पट्ट्याला दाभणानं भोक पाडलं होतं, तू म्हणतेस तसंच. मनगटावर नीट बसलं होतं. काढायचं नाही असं ठरवलं होतं, झोपतानाही काढलं नाही. आणि ते माझ्या हातात असताना थांबलं.

मला वाटलं बिघडलं. गुलाबरावांना घरी बोलावलं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, यात काहीच खराब नाही, हे घालतं कोण? मी म्हटलं, कोणी नाही. तेव्हा मला कळलं. मी खुर्चीवर बसते, उठते, भात लावते, पुन्हा बसते. एवढ्या हलण्यावर ते चालत नाही. ह्यांच्या हातावर इतकी वर्षं चाललेली वस्तू माझ्या हातावर बंद पडली, हे मला सहन झालं नाही. ते कपाटात ठेवलं, आणि मग तुला लिहिलं. यंत्राला काही वाटत नाही. ते फिरत राहील.

तू विचारशील की बसून का असते. आपल्याकडे असं झालं की पहिल्यांदा घराबाहेर माहेरचं माणूस नेतं. तोवर बाई उंबरठा ओलांडत नाही. आई-वडील नाहीत. भाऊ मनोहरदादा होता, तोही गेला. रामाकोन्याच्या माहेरच्या घराला कुलूप आहे. मला न्यायला यायला कोणी नाही. मी हे मानत नाही. शाळेत मुलींना मी उलटंच सांगत आले. तरी पिशवी घेऊन दारापर्यंत जाते आणि पाय पुढं पडत नाही. मग म्हणते, उद्या. जुलैत शाळा उघडेल तेव्हाही असंच झालं तर नोकरी सोडावी लागेल, हेही मनात येतं.

हे कोणाला वाचून दाखवू नकोस. शालिकरावांना म्हणावं, सेल वगैरे नको, खूप केलंत. नागपूरचं यंत्र घेऊन या. मी ठरवलं आहे. पैसे मनिऑर्डरनं पाठवते.

तुझी
प्रतिभा


सौंसर
१९ एप्रिल १९८६

ती. वहिनी,
सा. नमस्कार.

तुम्ही म्हणालात म्हणून कोणालाही वाचून दाखवलं नाही. पण पोळ्या लाटताना माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कांदा तर चिरायचा होता अजून. सासूबाईंनी पकडलं. म्हणाल्या, "काय झालं वं? पांढुर्ण्याहून पत्र आलं नं?" मी पोळी तव्यावर टाकली. "सांगते का मी पोस्टमनले विचारू?" त्या खरंच विचारतील, म्हणून मी माहेरच्या माणसाचं तेवढं सांगितलं. घडीचं नाही सांगितलं.

त्या पीठ भरल्या हातानं माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढचं जसंच्या तसं लिहिते.

"मी कुठची लेक आहे?"

"रामाकोन्याची."

"अन् तुही वहिनी?"

"रामाकोन्याची."

"मंग? जानेवारीपासून ते पोरगी घरात बसून आहे अन् तुमी घडीचं यंत्र करून राहिले? डोक्यात काय भरलं आहे तुमच्या?"

"पण तुम्ही माझ्या सासरच्या. दादाच्या बाजूच्या झाल्या नं?"

"ते तुह्यासाठी. तिच्यासाठी मी गावची लेक. तिच्या आईसंग मी एकाच विहिरीवर पाणी भरलं आहे. मी माहेरची नाही तं कोण आहे? जाय, पातळ आणाले सांग त्याले."

वहिनी, इतकी वर्षं आम्हाला सगळ्यांना हे माहीत होतं आणि एकालाही सुचलं नाही. त्या माझ्या सासूबाई एवढंच डोक्यात. दुसरं काही त्या कधी नव्हत्याच जणू.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं येऊन राहिल्या. नाही म्हणू नका, उपयोग होत नाही, मी लग्नापासून पाहून राहिले. परतीच्या गाडीनं तुम्हाला थेट रामाकोन्याला नेतील. आमच्याकडे उतरायचं नाही म्हणतात, पहिलं पाऊल माहेरीच. म्हणून मी सौंसरच्या स्टँडवर डबा घेऊन उभी राहते, खिडकीतून देते.

घडी त्यांच्याच हातात येईल. नागपूरवाल्याला आम्ही कळवत नाही अजून. हे म्हणतात, सेल लावून एकदा तरी पाहू द्या. मी म्हटलं, आधी मिक्सर.

तुमची
रजनी


पांढुर्णा
रविवार, ६ जुलै १९८६

प्रिय रजनी,
अनेक आशीर्वाद.

बरेच दिवस पत्र लिहिलं नाही. त्या गुरुवारचं तुला सासूबाईंनी सांगितलंच असेल. त्यांच्या सांगण्यात मी खूप रडले असेन. मी रडले नाही. दारात त्या उभ्या होत्या. मी म्हटलं, आत या, चहा ठेवते. त्या म्हणाल्या, "चहा रामाकोन्याले. चप्पल घाल." मी म्हटलं, कुलूप लावायचं आहे, गॅस बघायचा आहे. त्या म्हणाल्या, "पाह्य. मी टाइम मोजून राहिली नाही." त्यांनी निळ्या काठाचं पातळ आणलं होतं. मी ते नेसून येईपर्यंत त्यांचा शेजारच्या दोघींना टाइम सांगून झाला होता. मग माझा हात धरला आणि बोलता बोलताच उंबरठ्याबाहेर आणलं. तांदळाच्या भावाबद्दल बोलत होत्या. मला वाटतं, मुद्दामच.

तुझा डबा गाडीतच संपला. भाकरी त्यांनी खाल्ली, ठेचा मी.

सौंसर सुटल्यावर त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात घातलं. ते गरम होतं. म्हणाल्या, "माह्या हातानं बहुत चाललं." आणखी काही बोलल्या नाहीत. हे तू लिहून ठेव, कारण असं फार वेळा होत नसावं. रामाकोन्यात आमच्या घराचं कुलूप उघडेना. समोरच्या उर्मिलेनं त्यांच्या ओसरीवर चहा दिला. ती आता आजी झाली आहे. दोन तास बसलो. तेवढंच माहेर झालं.

नंतर मी बाजारात जाऊ लागले. बागेतही एकदा गेले. हे जानेवारीत जिथं पडले ती जागा गड्यानं दाखवली. तिथं उभी राहिले आणि आले.

रवींद्र सुटीत आला होता. त्याला घड्याळ दाखवलं आणि म्हटलं, हे तुझं. तो म्हणाला, "आई, मला आकडेवालं पाहिजे, बटण दाबलं की दिवा लागतो तसलं. हे कोण हलवत बसणार?" मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी लगेच परत घातलं. त्यानं ते पाहिलं आणि तो बागेच्या पाण्याबद्दल बोलू लागला. तो त्याच्या वडलांसारखा आहे, फक्त हात हलवत नाही.

ते अजूनही थांबतं. मे महिन्यात थांबलं. उन्हानं दोन दिवस घरातच होते. जूनमध्ये थांबलं नाही. एक तारखेला शाळा उघडली. मी पहिल्याच दिवशी गेले. तीन तास झाले आणि पाहिलं तर पुन्हा बंद. सकाळी नीट चालत होतं. मी घाबरले. मग लक्षात आलं की आदल्या दिवशी मी दिवसभर वह्यांना कव्हरं घालत बसले होते, आणि घड्याळ माझ्या डाव्या हातात आहे. फळ्यावर मी उजव्या हातानं लिहिते. डावा हात टेबलावर नुसता ठेवलेला असतो. इतकी वर्षं शिकवते आहे, मला हे माहीत नव्हतं.

आता शाळेत जाताना ते उजव्या हातात घालते. मुली हसतात. भूगोलाच्या तासाला एकीनं विचारलंच, "बाई, घड्याळ चुकीच्या हातात?" मी म्हटलं, ह्याला भूगोल शिकायचा आहे. वर्ग मोठ्यानं हसला. कमलबाई शेजारच्या वर्गातून पाहायला आल्या. माझ्या वर्गातून हसण्याचा आवाज येतो ह्याची त्यांना सवय नाही. काच खडूनं पांढरी होते, घरी येऊन पुसते. त्यावर एक बारीक ओरखडाही पडला आहे. राहू दे.

तेव्हा नागपूरच्या मालकांना नको म्हणून कळव. शालिकरावांनी सेल लावलेलं यंत्र चालत असेल तर ते मोडू देऊ नकोस, पण मला पाठवूही नकोस. त्यांना म्हणावं, ते उत्तम आहे आणि मला त्याची गरज नाही, दोन्ही खरं आहे. तुझ्या बरणीचं झाकण मात्र परत घे.

वत्सलाबाईंचा हात आता रिकामा असेल. इथल्या दुकानातून त्यांच्यासाठी एक साधं किल्लीचं घड्याळ घेतलं आहे. दिवाळीत आणते. तोवर टाइम अंदाजानं सांगा म्हणावं. चिंधूला तेवढाच आराम.

आज सुटी. घरात कोणी नाही. आठवड्याची साय साठली आहे. हे पाकीट बंद करते, घड्याळ उजव्या हातात चढवते आणि ताक घुसळायला बसते.

तुझी
प्रतिभावहिनी